पाठीवरचं झाकलेलं नाव

मित्रांनो, मी एक जुना अंगरखा आहे. कुस्तीच्या रिंगमध्ये उतरताना पैलवान अंगावर घेतात आणि घंटा वाजण्याआधी काढून ठेवतात, तसला. माझे रंग विटले आहेत. एक बाही फाटून शिवलेली आहे, आणि पाठीवर काळ्या कापडाचं मोठं ठिगळ आहे. स्वतःबद्दल बोलायचं म्हटलं की मला अजून मान खाली घालावीशी वाटते. पण अंगरख्याला मान नसते, नुसता गळा असतो. म्हणून सांगतो.

जन्मलो तेव्हा मी अंगरखा नव्हतो, निशाण होतो. जपानच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या आमच्या बंदरात नवी बोट पाण्यात सोडायची असली की सगेसोयरे तिला निशाण भेट देतात. मला करून घेतलं ते बोट चालवणाऱ्याची बायको हारुयो हिच्या भावानं. रंगाऱ्यानं भाताच्या खळीनं माझ्यावर रेघा ओढल्या, लाल, निळा, पिवळा रंग भरला आणि ओढ्याच्या वाहत्या पाण्यात मला धुतलं. खळ निघून गेली तेव्हा माझ्या अंगावर उगवता सूर्य होता, उसळी मारणारा तांबडा मासा होता आणि मधोमध हातभर अक्षरांत बोटीचं नाव होतं, 'एबिसु मारू'. एबिसु हा तिथल्या कोळ्यांचा हसरा देव.

बोटीचा तांडेल होता सेइकिची, हारुयोचा नवरा. बोट मासळीनं भरून आली तरच तो मला डोलकाठीवर चढवायला सांगत असे. त्याचा आवाज घोगरा आणि दांडगा होता, वाऱ्यातून एका बोटीवरून दुसऱ्या बोटीवर पोहोचणारा. मी दिसलो की धक्क्यावरच्या बायका हातातलं काम टाकून उभ्या राहत. त्यांच्यात मित्सुएही असे, सेइकिचीची एकुलती एक मुलगी. मित्रांनो, ते माझे मानाचे दिवस होते. मला वाटे, सगळं बंदर मलाच बघायला जमतं.

मग दूरदूरच्या देशांनी आपापल्या समुद्राची हद्द वाढवली. ज्या पाण्यात सेइकिची मासे धरत आला होता ते एकाएकी परक्याचं झालं. बंदरातल्या कितीतरी बोटी मोडीत निघाल्या, त्यांत एबिसु मारूही गेली. सेइकिची बर्फाच्या कारखान्यात लागला. दुसऱ्यांच्या बोटींत बर्फ ढकलायचं काम. मला घडी घालून कपाटाच्या खालच्या खणात ठेवलं. तांडेल घरात फारसा बोलेनासा झाला.

मित्सुए रुंद खांद्यांची आणि जाड मनगटांची पोर होती. मासळीच्या पेट्या ती बापाच्या बरोबरीनं उचलायची. त्या काळी टीव्हीवर मुलींच्या कुस्त्या लागत आणि देशभरच्या शाळकरी मुली त्या पाहून वेड्या झालेल्या असत. शाळा संपताच मित्सुए तोक्योला जाऊन निवड-चाचणी देऊन आली आणि कुस्त्या भरवणाऱ्या कंपनीनं तिला घेतलंसुद्धा. सेइकिची एवढंच म्हणाला, "चारचौघांत आपटून घ्यायला चाललीये. छान." ती निघाली त्या दिवशी तो रोजच्यापेक्षा लवकर कारखान्यात गेला.

कंपनीच्या वसतिगृहातलं तिचं पहिलं वर्ष कसं गेलं ते मी पाहिलं नाही. नंतर तिथल्या पैलवान मुली बोलत त्यावरून कळलं की नव्या मुलींनी थोरल्यांचे कपडे धुवायचे, स्वयंपाक करायचा, आणि उरलेल्या वेळात पाठीवर पडायला शिकायचं. निम्म्या पळून जातात. मित्सुए टिकली. पहिली कुस्ती ठरली तेव्हा तिनं आईला फोन केला आणि बोलता बोलता सांगितलं की बाकीच्या मुलींना छान अंगरखे आहेत, आपण मात्र सरावाच्या कपड्यांतच जाणार.

हारुयोनं मला खणातून काढलं आणि नवऱ्यासमोर उलगडलं. "हे घेऊ का तिच्यासाठी?" तिनं विचारलं.

सेइकिची वर्तमानपत्र वाचत होता. "बोटच नाही, तर निशाण ठेवून काय करायचंय," तो म्हणाला आणि पान उलटलं.

तेव्हा हारुयोनं कात्री लावली. ती मासळी डब्यांत भरायच्या कारखान्यात काम करी. बोटं सुजलेली असत, तरी टाके बारीक घातले. सूर्य एका खांद्यावर आणला, मासा छातीवर, आणि बोटीचं नाव जसंच्या तसं पाठीवर ठेवलं. पार्सलात माझ्यासोबत खारवलेल्या समुद्रशेवाळाची पुडी होती. मित्सुएनं मला नाकाशी धरलं आणि बराच वेळ तशीच बसली.

सुरुवातीला सगळं बरं चाललं. ती जिंको वा हरो, लोक म्हणत, अंगरखा काय झकास आहे. गावात हारुयोला बायका विचारत, मित्सुए टीव्हीवर परत कधी येणार? मला पुन्हा डोलकाठीवर चढल्यासारखं वाटू लागलं.

हे सगळं बदललं ते एका दुपारी तालमीत. मुरोई म्हणून कंपनीचे व्यवस्थापक होते. कोण कोणाशी लढणार आणि कोण कसं वागणार, हे तेच ठरवत. त्यांनी मित्सुएला बाजूला घेतलं. म्हणाले, खेळतेस चांगली, पण टाळ्या मिळवणाऱ्या गोंडस मुली माझ्याकडे पुष्कळ आहेत. मला अशी एक हवी आहे जिचा लोकांना राग येईल. तोंड रंगवायचं, बांबूची काठी घ्यायची, नियम मोडायचे.

"आणि नाही म्हटलं तर?" मित्सुएनं विचारलं.

"तर तुझ्या गावाची गाडी रोज असते."

ती म्हणाली, "मग साहेब, हा अंगरखा नको. दुसरा द्या. याच्यावर बाबांच्या बोटीचं नाव आहे."

"हाच पाहिजे," मुरोई म्हणाले. "शुभाचं निशाण पांघरून घाण कामं करायची. लोक पेटून उठतील."

आणि लोक खरोखर पेटले. सगळ्यांची लाडकी होती कायोको नावाची पैलवान, गोऱ्या कपाळाची, गाणी म्हणणारी. मित्सुए तिला काठीनं मारी, केस धरून ओढी, पंचाची पाठ फिरली की चावे. शाळकरी मुली रडत रडत ओरडत, "घरी जा! घरी जा!" सगळं सभागृह एका तालात ते म्हणू लागे. रिकाम्या बाटल्या येत, अंडी येत, अर्धा खाल्लेला भाताचा गोळा येई, आणि बहुतेक सगळं माझ्यावर पडे. कारण मित्सुए मला घेऊन रिंगभोवती सावकाश फिरायची, तसा हुकूमच होता.

खरं तर कायोको आणि ती एकाच वेळी भरती झालेल्या, एका खोलीत झोपलेल्या. पण आता दोघींच्या बस वेगळ्या, जेवणाच्या जागा वेगळ्या. लोकांना मैत्री दिसता कामा नये. भेटल्या तर रिंगमध्येच, एकमेकींचा गळा आवळताना.

मित्रांनो, मला फार लाज वाटे. ज्या अंगावर देवाचं नाव, त्याच अंगावरून अंड्याचा बलक ओघळतोय. मी मनात मित्सुएलाच दोष देत असे. या पोरीनं माझी रया घालवली, असं म्हणत असे.

एकदा रिंगकडे जाताना वाटेत एक मुलगी कठड्यावरून वाकली आणि थुंकली. थुंकी नेमकी नावावर पडली. कुस्ती झाल्यावर मित्सुएनं मला नळाखाली धरून साबणानं चोळलं, पुन्हा पुन्हा चोळलं. दुसऱ्या दिवशी तिनं काळं कापड विकत आणलं आणि धावत्या बसमध्ये बसून ते माझ्या पाठीवर शिवलं. शिवणकाम तिला येत नव्हतं. टाके वाकडेतिकडे पडत होते आणि सुई बोटात घुसत होती. शेजारची मुलगी म्हणाली, अगं, थांबल्यावर शीव. ती थांबली नाही. शेवटचा टाका पडला आणि एबिसु मारू दिसेनाशी झाली.

थोड्याच दिवसांत एका झटापटीत माझी बाही फाटली. दुरुस्तीला मी मित्सुएच्या आईकडेच जात असे, तसा पार्सलानं घरी गेलो. हारुयोनं मला मांडीवर उलगडलं आणि पाठीवर हात फिरवता फिरवता ती थांबली. सेइकिची नुकताच कारखान्यातून आला होता. तिथे त्याला रोज काही ना काही ऐकावं लागे. कोणी म्हणे, तांडेल, काल तुमची बोट परत टीव्हीवर बुडाली हो. कोणी म्हणे, पोरगी चावते ती तुमच्याकडून शिकली का? घराच्या दारावर पोरांनी चिखल फेकला होता. तो सगळं गिळत असे. पण ते काळं कापड पाहून त्याचा चेहरा कसनुसा झाला.

"नाव झाकलं," तो म्हणाला. "आमची लाज वाटायला लागली वाटतं तिला."

"तिला तुमची वाटत असेल की नाही, मला माहीत नाही," हारुयो बाही शिवता शिवता म्हणाली. "तुम्हाला तिची वाटते, एवढं बघते मी रोज."

तो उठून बाहेर गेला. मला तर त्याचंच खरं वाटलं. मीही तेच समजून बसलो होतो.

त्याच वर्षी शरद ऋतूत कंपनीचा दौरा आमच्या बंदरावर आला. शाळेच्या व्यायामशाळेत रिंग उभारली. गावातली पोरंटोरं, डबे-कारखान्यातल्या बायका, बर्फवाले, सगळे आले. गावची मुलगी म्हणून थोडी माया दाखवतील, असं मला वाटलं होतं. पण झालं उलटंच. परगावच्या लोकांना नुसता राग येई, गावच्या लोकांना राग आणि लाज दोन्ही होतं. मित्सुए दारातून आत आली तेव्हा पहिल्यांदा एकदम शांतता झाली. मग मागून कोणी तरी ओरडलं, "घरी जा!" आणि सगळ्यांनी ते उचललं. तिचं घर तिथून पाच मिनिटांवर होतं.

तिनं मला काढून रिंगलगतच्या खुर्चीवर टाकलं. घंटा झाली. तिनं कायोकोला माझ्या खुर्चीलगतच्या कोपऱ्यात दाबलं आणि काठी उगारली. गर्दी तालात ओरडत होती. आणि त्या हजार आवाजांत एक आवाज असा आला की माझ्या धाग्याधाग्यात कळ उठली. घोगरा, दांडगा, वारा कापून येणारा. मी त्याच्या हुकमानं कितीदा तरी डोलकाठीवर चढलो होतो.

"घरी जा!"

सेइकिची शेवटच्या रांगेत उभा होता. टोपी भुवयांवर ओढलेली. दोन्ही बाजूंना कारखान्यातले सोबती होते. त्यांनी त्याला कोपरानं ढोसलं असेल, म्हणाले असतील, काय तांडेल, तुम्ही का गप्प? मला ते माहीत नाही. त्यानं ओरडून घेतलं आणि मग खाली पाहिलं, एवढं खरं.

मित्सुएची काठी वरच्या वर थांबली. लोकांना वाटलं, ती चिडवतेय. कायोकोनं तिच्या खांद्यात तोंड लपवून हळूच विचारलं, "काय झालं? मार ना. थांबू नकोस." तेव्हा मित्सुएनं काठी मारली. रोज ती आवाज मोठा आणि मार हलका होईल अशी मारायची, ती त्यांची विद्याच होती. त्या दिवशी काठी खरी लागली. कायोकोचं कपाळ फुटलं. रक्त पाहून लोक खुर्च्यांवर चढले, आणि कुस्ती कशी संपली हे कोणाच्या लक्षातही राहिलं नाही.

कपडे बदलायच्या खोलीत कायोको कपाळाला टॉवेल लावून दारातूनच म्हणाली, "आज लागलं हं." मित्सुएनं जमिनीला डोकं टेकवून तिची क्षमा मागितली. कायोको म्हणाली की तीन टाके पडतील, त्यात काय, पण तुला काय झालं ते सांग. इतक्यात हारुयो मागच्या दारानं आत आली. हातात भाताच्या गोळ्यांचा डबा होता. रंग ओघळलेला लेकीचा चेहरा तिनं ओल्या फडक्यानं पुसला. मग मला उचललं आणि एकच विचारलं, "नाव का झाकलंस गं?"

"लोक त्याच्यावर थुंकतात, आई," मित्सुए म्हणाली. "माझ्यावर थुंकू देत, ते माझं काम आहे. बाबांच्या बोटीवर कसं थुंकू देऊ?"

मित्रांनो, त्या क्षणी मला जे वाटलं ते मला आजवर नीट सांगता आलेलं नाही. ती मला वाचवत होती आणि मी तिला दोष देत होतो. मला एवढंसं झाल्यासारखं वाटलं. एखादा हातरुमालही माझ्यापेक्षा मोठा असेल.

हारुयो मला शिवायला म्हणून घरी घेऊन गेली. सेइकिची चुलीपाशी बसला होता. तिनं लेकीचे शब्द जसेच्या तसे सांगितले, स्वतःचं काही घातलं नाही. व्यायामशाळेत कोण ओरडलं हे तिला माहीत होतं की नाही, देव जाणे. सेइकिचीनं मला हातात घेतलं. त्याचे हात बर्फानं फुटलेले, माझ्या सुताला अडकत होते. तो ठिगळावरून बोट फिरवत राहिला. हारुयो म्हणाली, काढू का हे? तो म्हणाला, "नको. तिनं लावलंय." नंतर तो परसात गेला आणि पुष्कळ वेळ आत आला नाही.

त्यानंतर तो लेकीशी फोनवर बोलेना. आधी राग म्हणून बोलत नसे, आता तोंड नव्हतं म्हणून. मित्सुएनंही कधी विषय काढला नाही. ती देशभर फिरत राहिली, मारत राहिली, शिव्या खात राहिली. गुडघे गेले, कानाचा आकार गेला. ती गाजली, नावाजली गेली. पण कोणी रस्त्यात ओळखलं की ती पलीकडच्या फुटपाथवर जाई.

कंपनीचा नियम होता, पंचविशी आली की मुलीनं निवृत्त व्हायचं. मित्सुएचीही वेळ आली. तोक्योच्या सभागृहात निरोप ठरला. निरोपाची रीत अशी की पैलवान मध्यभागी उभी राहते आणि लोक चारी बाजूंनी रंगीत कागदी फिती फेकतात. लाडक्या मुलींच्या वेळी फितींखाली रिंग दिसेनाशी होते. मित्सुए मला अंगावर घेऊन उभी राहिली. निवेदकानं नाव पुकारलं. लोक गप्प होते. शिव्या देऊ नयेत एवढं त्यांना कळत होतं, पण फेकायला कोणी काही आणलं नव्हतं. कोणा एकीनं एक फीत टाकली, ती दोरांपाशीच पडली. मित्सुएनं हसल्यासारखं केलं.

तेवढ्यात वरच्या गॅलरीतून एक लाल फीत उलगडत आली. ती रिंगपर्यंत पोहोचली नाही, मधल्या रांगांत एका शाळकरी मुलीच्या डोक्यावर पडली. ती मुलगी कायोकोचा बिल्ला लावून आली होती. तिनं गुंडाळी हातात घेतली, मागे पाहिलं, आणि पुढच्या माणसाकडे दिली. त्यानं आणखी पुढे दिली. सभागृहात फीत फेकतात ती सोडून देतात. हिचं दुसरं टोक मात्र कोणी तरी घट्ट धरून ठेवलेलं होतं. आमच्या बंदरात बोट लांबच्या सफरीला निघते तेव्हा धक्क्यावरची माणसं अशी फीत धरतात, एक टोक बोटीवर, एक टोक घरच्यांच्या हातात.

फीत दोरांपाशी आली. मित्सुए वाकली, तिनं टोक हातात घेतलं आणि त्या लाल कागदाच्या मागोमाग नजर वर वर नेली. गॅलरीत हारुयो होती, आणि तिच्या शेजारी काळ्या सुटात सेइकिची. लेकीची नजर येताच तो माफी मागताना वाकतात तसा कंबरेतून वाकला. निरोपाच्या घंटेचे दहा टोले पडले. प्रत्येक टोल्याला लोकांना वाटलं, आता म्हातारा सरळ होईल. तो झाला नाही.

नंतर बाहेरच्या बोळात तो तिच्यासमोर उभा राहिला. टोपी हातात.

"त्या दिवशी माझाही आवाज होता," तो म्हणाला.

"ऐकला होता, बाबा."

"माहीत असून एवढी वर्षं..." त्यानं टोपी डोक्यावर चढवली. मग म्हणाला, "घरी येतेस?"

"येईन," मित्सुए म्हणाली. "राहायला नाही. अजून नाही जमणार."

त्यानं मान डोलावली. ते त्याला कबूल होतं.

आता मित्सुए तोक्योच्या एका गल्लीत हाडं बसवायचा छोटा दवाखाना चालवते, आणि मी तिथल्या भिंतीवर असतो. उपचाराला आलेल्या बायका कधीकधी माझ्याकडे बोट दाखवून विचारतात, हे डाग कशाचे हो? मित्सुए सांगते, अंड्याचे. त्या हसतात.

मित्रांनो, मला उन्हात ठेवू नका, मला कसर लागू देऊ नका, असं मी मागू शकलो असतो. पण कापडाचं काय, कापड विरतंच. मी तुमच्याकडे दुसरंच मागतो. कुठे सगळे मिळून एका माणसावर ओरडत असले आणि तुमच्याही तोंडाशी ते शब्द आले, तर शेवटच्या रांगेकडे एकदा वळून बघा. तिथे त्या माणसाचं कोणी तरी उभं असतं. तुमचा आवाज एवढा चढवू नका की त्यालाही तुमच्यात सामील व्हावं लागेल.